मार्तंडरावांची कव्हरं

आमच्या शेजारचे मार्तंडराव करमरकर मला कधीच आवडले नाहीत. मुलुंडला एकाच मजल्यावर इतकी वर्षं काढल्यावर हे सांगायला हरकत नसावी. विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय काही सुटली नाही. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर. मिक्सरला, फ्रिजच्या हँडलला, रिमोटला, बंद पडलेल्या रेडिओलासुद्धा. शिवायची नीलावहिनींनी आणि घालायची यांनी. त्या घरात उघडं असायचं ते फक्त मार्तंडरावांचं तोंड.

त्यांची सून रेवती अंधेरीला नोकरी करायची. ती सोडून तिने घरीच व्हिडिओ एडिटिंग करायचं ठरवलं. बारसं, मुंज, साठीशांत, लोकांनी मोबाइलवर काढलेलं सगळं नीट जोडून द्यायचं. त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता आणि तिने साठवलेले पैसे बेताचे होते. मार्तंडरावांनी पेपरातली जाहिरात कापून पुढे ठेवली. मोठा स्क्रीन, पांढराशुभ्र रंग, नावाजलेली कंपनी.

"दिसण्याला पैसे घालायचे नाहीत, बाबा," रेवती म्हणाली. "प्रोसेसर चांगला हवा, रॅम भरपूर हवी. स्क्रीनचं काम आपला जुना टीव्ही करेल." मग तिने घाटकोपरच्या कॉम्प्युटरवाल्या चैतन्यकडून एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जोडून घेतला. ग्राफिक्स कार्ड तर वापरलेलं घेतलं.

"कंपनी कुठली?" मार्तंडरावांनी विचारलं.

"कंपनी नाही. जोडलेला आहे."

"म्हणजे बेवारशी."

तेव्हापासून सासरे आणि सून नीलावहिनींमार्फत बोलू लागले. "तिला सांग, पंख्याचा आवाज होतो." "त्यांना सांगा, आत पंखा आहे म्हणून आवाज होतो." मधल्या मध्ये वहिनी भाजी निवडत बसायच्या.

पहिलं काम मी दिलं. माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. जुने फोटो, नातेवाइकांनी पाठवलेल्या क्लिपा, आईच्या तोंडच्या चार आठवणी, असं सगळं मिळून एक फिल्म कार्यक्रमात दाखवायची होती. हे कळल्यावर मार्तंडरावांनी माझ्यासमोर जाहीर केलं, "शुभाताईंचं काम वेळेत झालं तर तो डबा घरात राहील. नाहीतर विकायचा, आणि हिने मुकाट्याने नोकरी धरायची." घर त्यांच्या नावावर. त्यांचा मुलगा ओजस, म्हणजे रेवतीचा नवरा, मोबाइलमध्ये बघत होता. गप्प बसण्यात तो पटाईत आहे.

रेवतीने काम झकास केलं होतं, मी बघितलं. राहिली होती शेवटची पायरी, सगळ्याची मिळून एक फाइल करायची. त्याला तासन्‌तास लागतात, पण माणसाने समोर बसायची गरज नसते. रेवती ते सुरू करून स्वयंपाकाला जायची. परत येऊन बघावं तर मशीन बंद आणि वर कव्हर. कव्हराचं तिला काही वाटलं नाही. बंद वस्तू दिसली की मार्तंडराव झाकणारच, हा त्या घरचा कायदा होता. तिने पुन्हा लावलं, पुन्हा बंद. कार्यक्रम जवळ आला आणि पोरीचा चेहरा उतरला. इकडे माकडाच्या हाती कोलीत मिळालं. मार्तंडराव लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे, "वापरलेला माल. मी आधीच म्हटलं होतं."

चैतन्य फोनवर म्हणाला, "ताई, तो गरम होऊन बंद पडतोय. नक्की कधी पडतो ते बघा." स्वयंपाक टाकून बघत कोण बसणार? रेवतीने आपला मोबाइल फडताळात उभा केला आणि रेकॉर्डिंग लावून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं. "तुमची फिल्म तयार आहे काकू, रात्री परत लावली आणि होईपर्यंत मी कॉम्प्युटरला खेटून बसले होते. पण आधी दुसरं दाखवते." मार्तंडराव, वहिनी, ओजस, सगळे टीव्हीसमोर होते.

टीव्हीवर त्यांचीच खोली दिसली. मशीन चालू होतं, दिवा जळत होता. मार्तंडराव आत आले. त्यांनी कॉम्प्युटरवर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. मग कव्हर चढवलं, आणि चारही कोपरे नीट खाली ओढले.

"बाबांना सवय आहे गं," ओजस म्हणाला. इतक्या दिवसांत तोंड उघडलं ते यासाठी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"रेवती, जरा मागे घे," वहिनी म्हणाल्या. "हात ठेवला तिथे."

रेवतीने मागे घेतलं. तळहात पुन्हा टेकला, पुन्हा उचलला गेला.

"अहो, हाताला चटका बसला ना?" वहिनींनी विचारलं.

"धूळ बसते," मार्तंडराव म्हणाले.

वहिनी उठल्या, आतून ते कव्हर आणि छोटी कात्री घेऊन आल्या, आणि त्यांच्यासमोर बसून स्वतः घातलेली शिवण उसवायला लागल्या. ते झाल्यावर त्यांनी रेडिओचं कव्हर ओढून घेतलं. मार्तंडराव काहीतरी बोलणार होते, पण ऐकायला कुणी वर बघितलं नाही. रेवतीने माझी फिल्म लावली. मध्येच ती उठून चहा करून आली. तीन कप आमचे बायकांचे, एक ओजसचा.