तळ्यात पडलेली तबकडी

भीमसेनरावांना माणसाची परीक्षा घ्यायला दोन मिनिटं पुरत. बहुतेक माणसं नापास होत. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मोटारींचे सुटे भाग तपासून त्यांची नजर अशी झाली होती की देवाच्या मूर्तीचंही नाक त्यांना किंचित वाकडं दिसे. वेलचेरीतल्या त्यांच्या इमारतीत कुणी नवी वस्तू घेतली, तर ती त्यांच्या नजरेला पडू नये याची काळजी घेई.

तेव्हा श्रीपेरुंबुदूरकडच्या कोरड्या तळ्यात उडती तबकडी कोसळल्याची बोंब उठली आणि भीमसेनरावांच्या टोमण्यांना ऊतच आला. झालं होतं एवढंच की एका संध्याकाळी आभाळात उजेडाची रेघ दिसली, आणि दुसऱ्या दिवशी तळ्यात जळकं गवत नि धातूचं एक काळंठिक्कर कडं सापडलं. तेवढ्यावर शिकलेसवरलेले लोक कंपनीच्या बसमधून माना वाकवून तळं बघू लागले. "भंगारवाले वायरी जाळतात तिथं," भीमसेनराव म्हणत. "या गाढवांना शाळेत घातलं कुणी?"

त्यांच्या मते सगळ्यात मोठं गाढव वरच्याच मजल्यावर राहत होतं. पुण्याहून आलेला हा कौशिक दिवसभर संगणकावर नोकरी करी आणि सुट्टीत परग्रहावरच्या लोकांचे व्हिडिओ काढी. एका रविवारी तो ते कडंच टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.

"काका, धातूतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. तुम्ही खोटं म्हणालात तर मी सगळे व्हिडिओ काढून टाकीन. फक्त हे अक्षर बघा. पृथ्वीवरच्या कुठल्याच लिपीशी जुळत नाही."

भीमसेनराव तयारीतच होते. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्याने काजळी पुसली, आणि ओठांवर आलेला टोमणा तिथंच राहिला.

अक्षर मोडी लिपीतलं होतं. 'भी'. तंजावरला वडिलांनी गिरवून घेतलेलं. बाद केलेल्या प्रत्येक भागावर ते स्वतःच्या हाताने कोरत, आणि कारखान्यात ते दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही याचा त्यांना कोण ताठा! बाद भाग तपासनिसासमोर करवतीने कापूनच भंगारात जायला हवा, नाहीतर घासूनपुसून तो पुन्हा कुणाच्या तरी गाडीत बसतो. हे कडं अखंड होतं. शनिवारी करवत सुरू होई बस सुटायच्या वेळेला. भीमसेनराव 'माझ्यासमोर कापले' या ओळीखाली आधीच सही ठोकत आणि खिडकीची जागा धरत.

निवृत्तीला चार महिने उरले होते. खरं बोलावं तर नोकरी जाईल, आणि एकतीस वर्षं ज्यांना तुच्छ लेखलं ते सगळे दात काढतील. दुसऱ्याची इंचभर चूक न खपवणारा हा माणूस स्वतःच्या चुकीपुढे शेपूट घालून बसला.

कौशिकने कॅमेरा सुरू केला.

"एकतीस वर्षांत," भीमसेनराव घसा खाकरून म्हणाले, "असा धातू माझ्या हातून गेलेला नाही."

कौशिकने त्यांचे पायच धरले. तो गेल्यावर त्यांची बायको कनका स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली. "तुमच्या हातचं अक्षर मज वळखू येत नाही काय? तुम्हीं खोटं कशाला सांगितलां? आणि असलीं दुसरीं कोठे गेलीं?"

"तुला काय कळतं त्यातलं," ते म्हणाले. पण आवाज चढला नाही. तशी किती कडी आज कुणाकुणाच्या चाकापाशी गरगरत असतील, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचा मुरली दोन्ही मुलांना घेऊन उभा होता. या तबकडीला आजवर तोही हसत आला होता.

"सर, कौशिक दाखवत होता तेव्हा मी मानलं नाही," तो म्हणाला. "पण आता व्हिडिओत तुम्हीच सांगितलंत. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"