वीस संस्थांच्या सह्या

"तिकडं तुमच्या ओळखीत कोण आहे?" हा गुरुजींचा पहिला प्रश्न असायचा. तुम्ही सांगितलंत की मेहुणीचं लग्न आहे, गोंदियाला चाललो, तर लग्नाचं एका शब्दानं विचारणार नाहीत. खांद्यावरच्या शबनम पिशवीतून डायरी काढणार, पेनचं टोपण दातात धरणार आणि म्हणणार, "गोंदियात जंगलावर कोणी काम करून राहिलं का? जोडून घेऊ." माणसं जोडणं हाच त्यांचा धंदा होता. जोडून पुढे काय करायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुम्हीही असा माणूस पाहिलाच असेल. त्या ऐंशी-पंचाऐंशीच्या काळात तालुक्याला एक तरी सापडायचा. आमच्या वाट्याला आलेला पांढुर्ण्याचा होता. वडिलांचं कापडाचं दुकान, स्वतः काही वर्षं शाळेत शिकवलेलं, मग नोकरी सोडून पर्यावरणाच्या मागे लागलेला. माझं सौसरला बस स्टँडजवळ टायपिंगचं दुकान होतं. गुरुजी आठवड्यातून दोनदा पांढुर्ण्याहून बसनं यायचे, माझ्या बाकावर पाय वर घेऊन बसायचे आणि देशभरच्या संस्थांना पत्रं सांगायचे. मी ती हिंदीच्या मशीनवर बडवायचो. "आपले पत्र मिळाले, आनंद झाला, आपणही आमच्याशी जोडले जावे," एवढाच मजकूर. पलीकडूनही तसाच यायचा. दोन माणसांनी एकमेकांना आयुष्यभर या बसा, या बसा म्हणावं आणि दोघांनीही उभंच राहावं, असा तो पत्रव्यवहार होता.

त्यांनी पैसे खाल्ले असं मात्र म्हणता येणार नाही. दोन कुडते, एक चप्पल, आणि जेवायला जिथे मिळेल तिथे. माझ्या आईनं कितीदा तरी त्यांना भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. ते मान खाली घालून जेवायचे आणि ताट स्वतः घासायचे. आईला ते फार आवडायचे. मला वाटायचं, या माणसानं पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं. निदान चोर म्हणून मोकळं होता आलं असतं.

रामाकोन्याच्या पुढे डोंगराला लागून एक लहानसं गाव आहे. गावाच्या वर खडकाळ उतारावर सागाचं आणि साज्याचं, म्हणजे ऐनाचं, जंगल होतं, त्याला गावचे लोक बरडी म्हणायचे. बरडी एकदा बोडकी व्हायला आली होती. सरपणाला बायांना दोन कोस जावं लागायला लागलं, तेव्हा गाव बसलं आणि ठरलं की आता कुऱ्हाड नाही, चराई नाही. राखायची पाळीही त्यांनीच लावली. बैलाच्या गळ्यातली एक घंटी होती. ती संध्याकाळी ज्याच्या दाराला टांगलेली दिसेल, त्यानं दुसऱ्या दिवशी बरडी राखायची आणि आल्यावर घंटी शेजारच्या दाराला टांगायची. रजिस्टर नाही, अध्यक्ष नाही, बैठकीचा वृत्तांत नाही. सात वर्षं ती घंटी गावातून फिरत होती.

शेवंताबाई त्याच गावची. नवरा गेलेला, दोन मुली, आणि सगळं घर आठ बकऱ्यांवर. चराई बंद झाली तशा तिनं आठही बकऱ्या विकल्या आणि लोकांच्या संत्र्याच्या बागेत निंदणाला जायला लागली. गावात कोणी तिला जबरदस्ती केली नव्हती. "जंगल राखाचं मनलं तं राखाचं," एवढंच ती म्हणाली होती.

गुरुजींना या गावाचा शोध सातव्या वर्षी लागला. ते तिथे गेले, एका झाडाला मिठी मारली आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "हा साजा म्हणजे तुमचा बाप आहे." लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी शेवंताबाई म्हणाली, "गुरुजी, हा धावडा होय. पन असू द्या." परत आल्यावर त्यांनी मला अहवाल सांगितला. त्यात पहिलंच वाक्य होतं, "आमच्या प्रेरणेने या गावात वनरक्षणाचे कार्य उभे राहिले." मी हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं.

त्याच वर्षी जंगल खात्याच्या कटाईत बरडीचा नंबर लागला. खात्याच्या भाषेत कूप. म्हणजे झाडांवर खुणा करायच्या आणि तो सगळा तुकडा तोडायचा. पण तेव्हाचा रेंजर भला माणूस निघाला. दौऱ्यावर आला, बरडी पाहिली आणि गावाला म्हणाला, "गावाचा एक अर्ज द्या, अंगठ्यांसकट. मी वर लिहितो, कूप दुसरीकडं नेता येईल. पण दिवाळीच्या आत द्या. त्यानंतर माझी बदली आहे."

पोळा झाल्या झाल्या शेवंताबाई आणि गावचे दोघं जण माझ्या दुकानात आले. मी एका पानाचा अर्ज टाईप केला. आमच्या गावाने सात वर्षे राखलेले जंगल तोडू नये, ही विनंती. सगळ्या गावाचे अंगठे घ्यायला ते माझं शाईचं पॅड घेऊन गेले आणि दोन दिवसांनी अंगठ्यांनी भरलेला कागद घेऊन परत आले. रेंज ऑफिस माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. पण रेंजर त्या दिवशी बाहेर गेलेला, आणि यांची परतीची छोट्या लाइनची गाडी निघायच्या बेतात. बाकावर गुरुजी बसलेले होते.

"मी देऊन देतो ना," गुरुजी म्हणाले. "तुम्ही गाडी पकडा."

शेवंताबाईनं कागद त्यांच्या हातात दिला. "साहेबाच्याच हातात द्याल, गुरुजी," असं बजावलंही. मी तिथेच बसलो होतो. तेव्हाच उठून तो कागद मी माझ्याकडे घेतला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी उठलो नाही.

गुरुजींनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढासाच? एका गावाचा अर्ज म्हणजे भीक आहे हो. वीस संस्थांचं निवेदन म्हणजे आवाज आहे." मी म्हटलं, "आवाज मागून करू. आधी हा देऊन टाका." तर म्हणाले, "दोन कागद गेले की जोर कमी होतो."

मग ते नऊ पानांचं निवेदन सुरू झालं. त्यात हिमालय आला, समुद्र आला, वाढतं वाळवंट आलं. सहाव्या पानावर एकदाचं ते गाव आलं. प्रती निघाल्या आणि राजस्थानपासून बंगालपर्यंत सह्यांसाठी गेल्या. उत्तरंही आली. एका संस्थेला 'विनंती' शब्द नको होता, 'मागणी' पाहिजे होता. दुसरीला रेंजरचे आभार खटकले, सरकारी माणसाचे आभार कसे मानायचे? तिसरीला नदीवर वेगळा परिच्छेद हवा होता, आणि बरडीवर नदीच नव्हती. प्रत्येक दुरुस्तीला गुरुजी मान डोलवायचे, "सगळ्यांना बरोबर घेऊन जायचं असतं," आणि मी पुन्हा कार्बन लावून नऊ पानं बडवायचो. गावाचा मूळ अर्ज त्या सगळ्या काळात त्यांच्या शबनममध्ये होता. प्रत्येक खेपेला रेंज ऑफिसवरून जात होता आणि तसाच परत येत होता. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी, ती अशी.

दिवाळी आली तेव्हा एकोणीस सह्या झाल्या होत्या. मी त्यांना अक्षरशः हात जोडले. ते म्हणाले, "बंगालचं पत्र वाटेवर आहे. विसावी सही आली की लगेच." दिवाळी गेली. रेंजरची बदली झाली. बंगालची सही त्यानंतर आठवड्यानं आली आणि गुरुजी निवेदन आणि मला सोबत घेऊन रेंज ऑफिसात गेले. दारातच बरडीकडचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा गार्ड, भेटला. त्यानं निवेदन हातात घेऊन त्याचं वजन केलं. "नवीन साहेबांनी कालच कूपवर सही केली," तो म्हणाला. "जुने साहेब जाईपर्यंत विचारून राहिले होते, गावचा कागद आला का मनून. आता हे तुमचं वरातीमागून घोडं कुठं बांधू?"

बरडी तोडायला तीन आठवडे लागले. घंटी ज्याची होती त्यानं ती दारावरून काढून परत बैलाच्या गळ्यात बांधली.

गुरुजी तिथे गेले आणि खुंटांमध्ये बसून रडले. खोटं नव्हे, खरं रडले, उपरणं ओलं होईपर्यंत. मला त्या रडण्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही. वाटलं, याला धरून उभं करावं आणि विचारावं, हाकेच्या अंतरावर होतं ना रे ऑफिस?

पुढच्या महिन्यात त्यांनी सौसरला संमेलन भरवलं. वीसपैकी अकरा संस्थांचे लोक आले. शेवंताबाईला मंचावर बसवलं, हार घातला आणि बोलायला सांगितलं. ती उभी राहिली आणि हार हातात घेऊन म्हणाली, "म्या आठ बकऱ्या विकल्या. सात वरसं पोरींले दुधाचा थेंब नाही देल्ला. आमचा कागद गुरुजीनं येळेवर देल्ला असता तं झाडं उभी असती. मले याच्यावर काई बोलता येत नाही." ती खाली बसली. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात गुरुजींनी वाजवल्या, आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वृत्तांत टाईप करायला सांगितला. शेवंताबाईच्या नावावर लिहिलं होतं, "शासनाने आमची मागणी वेळेवर ऐकली असती तर झाडे उभी असती."

"बाई असं नव्हती बोलली," मी म्हणालो.

"भावना तीच आहे," गुरुजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मी टाईप केलं. दुकान चालवायचं होतं, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. त्यांना शिव्या घालताना हे सांगून टाकलेलं बरं.

तो वृत्तांत बऱ्याच ठिकाणी पोचला असावा, कारण वर्षाच्या आत गुरुजींना दिल्लीहून बोलावणं आलं. मोठ्या संस्थेत काम, देशभरच्या गावांना एकमेकांशी जोडायचं. जाताना माझ्या आईच्या पाया पडले. आई रडली. मी मशीनवरून उठलो नाही. त्यांचा बाक काही दिवस मोकळा दिसायचा, मग तिथे शिकणारी मुलं बसायला लागली.

नंतर एकदा सौसरच्या आठवडी बाजारात शेवंताबाई भेटली. कांदे घेत होती. तिनं गुरुजींचीच चौकशी केली.

"कुठं असतेत आता?"

"दिल्लीला."

"जंगलाचंच काम करून राहिले?"

"हो. गावोगावच्या बायांना भेटतात म्हणे, जंगल राखा म्हणून सांगतात."

तिनं निवडलेले कांदे पिशवीत टाकले.

"तुमचं पत्र जात असंन त्याइले," ती म्हणाली. "तं त्या बायांले कळवा का, बकऱ्या विकू नका मनाव."

मी कळवतो म्हणालो. कळवलं नाही.