डाव्या हाताचं लिपण

भूतखेत, करणी, झपाटणं... असलं काही सांगणाऱ्या माणसाला मी आजवर एकच विचारत आले — तू तेव्हा जेवला होता का? उपाशी पोटी माणसाला काहीही दिसते. आमचा धंदा तलावातल्या मासोळीचा. अंधारात पाण्यात उतरायचं, मसणाच्या काठाकाठानं जाळं ओढायचं. भ्याले असते तर लेकरं काय खाऊन वाढली असती? म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण लिहिते. कारण घडलं ते माझ्याच परसात, भर दुपारी, आणि मी पोटभर जेवून होते.

गाव चंद्रपूरकडचं, मोहर्लीच्या अलीकडं, जंगलाला लागून. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते ते लोक रोज बोअरिंगवर भेटतात.

लातूरकडं गणपती विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला, त्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. माझा भाऊ नोकरीपायी तिकडं गेला आणि तिकडंच वारला. त्याची पोरगी सुमन तिथल्याच एका गावात दिली होती. घर दगडमातीचं, हातभर जाड भिंतींचं. त्या रात्री तिचा नवरा आणि सासू भिंतीखाली गेले. सुमनला लोकांनी जिवंत काढलं. पुढं सरकारनं नवीन कॉलनी बांधून दिली, रांगेत सिमेंटची घरं. दिराच्या घरात हिलाही खोली होती. पण ही आत पाय ठेवीना! पाऊस असो, थंडी असो, बाहेरच.

मी जाऊन तिला घेऊन आले. इथंही तेच. जाळी वाळवायच्या मांडवाखाली गोधडी टाकून झोपायची. आता आमच्याकडं बाहेर झोपणं म्हणजे वाघाला ताट वाढून ठेवणं. त्या साली तर शेजारच्या गावात अंगणातून बाई नेली होती. मी रागावले, रडले, हात जोडले.

ती म्हणाली, "वाघ एकाला नेतोय, आत्या. भित्त सगळ्यांला घेती."



मग मी म्हटलं, ठीक आहे. भिंतच अशी करू की पडली तरी टोपली पालथी पडल्यावाणी होईल. आमच्याकडचा कुड तुम्हाला माहीत असेल — बांबू चिरून विणायचा, दोन्हीकडून माती लिपायची. वर कवेलू, म्हणजे कौलं, नको; तणसाचं, धानाच्या पेंढ्याचं, छप्पर. परसातली जागा माझीच होती. लेकानं येनाच्या लाकडाचे खांब पुरले, कुड विणून उभा केला, छप्पर टाकलं आणि तो कामावर चंद्रपूरला गेला. राहिलं लिपण.

आता आमच्यात रीत अशी, की नवीन घराच्या लिपणाला घरटी एक बाई येते. बोलवावं लागत नाही. एका सकाळी चारही भिंती होतात, वर हसणं-खिदळणं, चहा. मी माती भिजवली, शेण कालवलं, धानाचा भुसा टाकला, वाट पाहिली. एकही बाई आली नाही.

कारण माझा दीर, दामोधर. गावभर सांगत फिरला — ही बाई धरणीच्या तोंडातून निसटली, धरणी तिले शोधत येईन. नेमकी त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. झालं! विहीर दरसाल आटते हे कोणाच्या ध्यानात नाही.

"वयनी, तिले वापस पाठव," तो म्हणाला. "गावाले भोवन."

"तुले काय भोवन ते मी सांगू का?" मी म्हटलं. "तुया लग्नात तुया घराच्या भिंती कोणं लिपल्या? याच हातानं! जाय, खरडून काढ पहिले."

लिपलं आम्ही दोघींनीच. आतून मी, बाहेरून ती. आत ती येतच नव्हती. तीन भिंती झाल्या आणि माझा खांदा गेला. हात वर होईना. मागची, मावळतीकडची भिंत तशीच राहिली, नुसता बांबू. माती कालवून ठेवली, ओलं पोतं झाकलं आणि बाजाराचा दिवस म्हणून मासोळी घेऊन दोघीही बाजाराला गेलो.

उन्हं कलायच्या आत परत आलो. टोपली अंगणात ठेवते तो सुमन परसातून ओरडली, "आत्या!"

मागची भिंत लिपलेली होती. आतून, बाहेरून, वरपासून खालपर्यंत. ओली. मातीचा ढीग संपलेला, आणि बादली धुऊन पालथी घातलेली.

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, आली वाटते कोणीतरी माउली, दामोधरच्या चोरून! मग मी जवळ गेले. ज्या बायांनी जन्मभर लिपलं त्यांना सांगायला नको — लिपताना हात अर्धगोल फिरतो, बोटांच्या रेघा उमटतात, आणि ज्याचा हात त्याचं वळण. आमच्या तिन्ही भिंतींवरच्या रेघा एका बाजूला वळलेल्या. या भिंतीच्या उलट्या. सगळ्याच्या सगळ्या.

"डाव्या हातानं लिपलं," मी म्हटलं.

सुमननं एका रेघेवर बोट टेकवलं. "सासूबाई डावऱ्या होत्या," म्हणाली. "बादली पालथी घातल्याबिगर कामावरनं उठायच्या न्हाईत."

मी तिच्या सासूला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लग्नाला गेले नव्हते मी. ती डावरी होती हे मला ठाऊक असायचं कारणच नाही, गावाला तर नाहीच.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाया लांबूनच पाहून, तोंडाला पदर लावून जात. सकाळी दामोधर आला, संग चार जण, हातात सब्बल, भिंत खणायची लोखंडी पहार.

"हट वयनी. मेलेल्याच्या हातची भिंत गावात ठेवता येत नाई."

"काऊन नाई?" मी दारात उभी. "जित्या हातांची वाट पाह्यली मी, एक हात आला नाई. मेलेलं माणूस लातूराहून इथी येऊन काम करून गेलं, अन तुमी? दोन घरं ओलांडून येता येत नव्हतं?"

"मस्करी करून राह्यली का?"

"मस्करी तू करून राह्यला, बापा. भुतानं घर बांधलं अन माणूस पाडून राह्यला!"

त्यातला एक जण हसला. दामोधरनं त्याच्याकडं डोळे वटारले आणि सब्बल उचलली. तेवढ्यात सुमन माझ्या बाजूनं निघाली. मला वाटलं, पळते. ती सरळ आत गेली. आत! दोन वर्षांत जी चार भिंतींच्या आत गेली नव्हती ती. जाऊन त्याच भिंतीला पाठ लावून बसली, मांडी घालून.

"पाडा," म्हणाली. "एकदा पडलीया माझ्या अंगावर. पाडा, मी हितंच हाय."

दोन्ही तळहात तिनं मागं भिंतीला टेकवले. 

 दामोधरनं सब्बल खाली टेकवली, सब्बलीवर भार दिला आणि म्हणाला, "पाह्यून घेईन." आजपर्यंत पाहूनच राहिला आहे.

त्या रात्री सुमन आत झोपली. दार उघडं ठेवून, पण आत.

तुम्ही म्हणाल, गावातलीच कोणी असेल. मीही तेच धरून चालले. किती लग्नांत, धानाच्या किती रोवण्यांत मी बायांचे हात न्याहाळले! एक डावरी सापडली, ती त्या दिवशी बाळंतपणाला माहेरी होती. भगताला विचारलं, तो कोंबडा मागू लागला. सायन्सच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, बाई, उजव्या हातानंही उलटं लिपता येते. मी म्हटलं, मास्तर, एक भिंत लिपून दाखवा. आले नाहीत.

पुरावा म्हणाल तर तोही नाही. दिवाळीला घर लिपायला काढलं तेव्हा मी सुमनला म्हटलं, मागची भिंत राहू दे, जपून ठेवू. 

"जपायची कशापायी?" म्हणाली. "घर दरसाल लिपावं लागतंय. त्यांनी त्यांची पाळी केली, आता माझी." आणि उजव्या हातानं मातीचा गोळा उचलला, त्या उलट्या रेघांवर फिरवला.

मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. त्या दुपारी परसात कोण आलं होतं, मला आजही माहीत नाही. घर मात्र उभं आहे, आणि सुमन त्यात राहते.