काळा की गर्द निळा

आमच्या मामाला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. धंद्याने तो रफूगार, पण सगळे म्हणतात ‘अंपायर’. बॅट त्याने जन्मात हातात धरलेली नाही. तरी हे नाव त्याने कमावलेलं आहे, आणि कसं ते सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

रफू हे दिवसाउजेडीचं काम. फाटलेल्या जागी उभे-आडवे धागे असे विणायचे की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. धाग्याचा रंग तंतोतंत जुळायला हवा, आणि मामाच्या मते बल्बखाली रंग खोटं बोलतात. म्हणून दुकानातला बल्ब फक्त पडलेल्या सुया शोधायला. काम खिडकीशी. चौकटीवर दोन रिळं ठेवलेली, एक काळं, एक गर्द निळं. त्यांच्यातला फरक एका नजरेत कळेनासा झाला की सुई कापडाला टोचून ठेवायची आणि उठायचं.

कसोटीचं मैदान दोनच गल्ल्या पलीकडे. म्हणजे आमच्या खिडकीवर जे आभाळ, तेच खेळपट्टीवर. सामना असला की दिवसभर रेडिओ चालू. ढग दाटले की मामा रिळांकडे बघतो आणि म्हणतो, "उठले." दोन-चार मिनिटांत रेडिओ सांगतो, अंधूक प्रकाशामुळे खेळ थांबवण्यात आला आहे. मैदानावरचे पंच यंत्राने उजेड मोजतात, आमचा अंपायर रिळांवर. समोरचा न्हावी म्हणायचा, पंच गुपचूप आमच्याच खिडकीकडे बघत असणार.

यंदाच्या सामन्याआधी मामीने मला बाजूला घेतलं.

"तुझ्या मामांना नीट दिसत नाही. परवा माझ्या सख्ख्या बहिणीला गिऱ्हाईक समजून ‘काय फाटलंय?’ म्हणाले. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणे आभाळ भरलंय. नाचता येईना अंगण वाकडं."

"मोतीबिंदू असेल. साधं ऑपरेशन असतं."

"तेच तर सांगते. पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्यभर सुई चालवली, पण डोळ्याजवळ कोणी सुई आणेल म्हणून भितात. तू लहानपणापासून प्रश्न विचारून डोकं खात आलीस, आता ते उपयोगी पडू दे. डोळे गेले तर हे काम गेलं, आणि काम गेलं तर हे माणूस घरात बसून वाळून जाईल."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. सुट्टी होतीच. मी एक वही घेतली, घड्याळ घेतलं आणि दुकानात स्टूल टाकून बसले. खरं सांगायचं तर मामीच्या काळजीपेक्षा मला त्या रिळांचंच कुतूहल जास्त होतं.

पहिला दिवस पावसाने धुऊन नेला. दुसऱ्या दिवशी मामा तीन-चाळीसला ‘उठले’ म्हणाला आणि पंच तीन-त्रेचाळीसला थांबले. मी इतकी खूश झाले की मामीलाच चष्मा लागला असावा, असं मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्याने तीनला दहा कमी असतानाच सुई टोचली. खेळ मात्र साडेतीनपर्यंत चालला.

"पंच हट्टी आहेत आज," मामा म्हणाला. "बिचाऱ्या फलंदाजाला चेंडू दिसत नाही आणि यांना पडलीय ओव्हर संपवायची."

न्हावी हसला. मी वहीत ‘चाळीस मिनिटं’ लिहिलं आणि म्हटलं, आपल्यावरचा ढग वेगळा असेल. दोन गल्ल्यांमध्ये वेगळा ढग. पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

चौथ्या दिवशी मामा एका वकिलाचा गर्द निळा कोट घेऊन बसला होता. कोपर कसरीने खाल्लेलं. एरवी तो आतल्या शिवणीतला धागा ओढून वापरतो, पण या कोटात तो उरला नव्हता, म्हणून रिळाचा घेतला. एकच्या सुमाराला त्याने सुई टोचली.

"उठले."

रेडिओवर निवेदक सांगत होता की लख्ख ऊन पडलंय आणि क्षेत्ररक्षकांनी टोप्या मागवल्यात. समोर न्हाव्याचा हात गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. या वेळी तो हसला नाही.

मी कोटाकडे पाहिलं. विणकाम नेहमीसारखं नितळ, कुठे गाठ नाही, ताण नाही. फक्त ते काळं होतं, आणि दारातूनही दिसत होतं.

मामाने हात खिडकीबाहेर काढला, पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"हाताला चटका बसतोय," तो सावकाश म्हणाला. "खरं सांग. ऊन आहे?"

"आहे, मामा."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"वहीत काय लिहितेस चार दिवस? वाच."

मी वाचलं. तीन मिनिटं. चाळीस मिनिटं. आजचं मी लिहिलंच नव्हतं. स्वतःची लाज वाटत होती.

"म्हणजे तुला कालच कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"कामाशिवाय तू काय करशील, याची भीती वाटली."

"मलाही तीच वाटते," मामा म्हणाला.

त्याने कोटाचं कोपर बोटांनी चाचपलं. बोटांना काही सापडलं नाही, इतकं ते बेमालूम होतं.

"काळा लावला ना मी?"

"हो."

"उसवावं लागेल. वकिलाला मी स्वतः सांगतो." त्याने कोट बाजूला ठेवला. "तुझी मामी कोणा डॉक्टरचं नाव घेत होती. तो आत्ता भेटेल?"

"आत्ता? अरे, पण खेळ चालू आहे," मी म्हटलं.

"त्यांना दिसतंय. खेळू देत त्यांना," मामा म्हणाला, आणि पायाने चपला शोधू लागला.