केरसुणी आणि ओढ्याची दरड

आश्विन अमावास्या. लक्ष्मीपूजनासाठी नवी केरसुणी पाटावर मांडली, तिच्या शिंदीच्या पातीचा कोरडा वास आला आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या दिवसांतली एक दिवाळी आठवून तोंड कडू झालं. तेव्हा दर पावसाळ्यात आमच्या रानाची कड ओढ्यात ढासळायची. केरसुण्या बांधणाऱ्या वस्तीतल्या बायांनी त्या दरडीवर शिंदी लावली. मुळं माती धरतील आणि त्यांनाही पाती मिळेल, असं ठरलं होतं. घागरीनं पाणी घालून त्यांनी रोपं गुडघ्याएवढी केली. मग वस्तीतली माणसं नामांतराच्या मोर्चाला गेली, म्हणून चिडून माझ्या दिरानं त्या रोपांवर नांगर घातला. दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. त्या बायांमधली एक म्हातारी केरसुणी घेऊन दारात आली. सासूबाईंनी ती लांबच ठेवायला लावली, म्हातारीच्या पदरात वरून ज्वारी टाकली, केरसुणीवर पाणी शिंपडलं आणि लक्ष्मी म्हणून तिलाच हात जोडले. ओसरीवरून दीर हसला, "काय गं म्हातारे, आता पाती मोर्चातून आनतीस का?" ती म्हणाली, "पाती कुठूनबी आनीन मालक. दरड गेल्यावर तुमी रान कुठून आनताव?" मला त्या पूजेची, त्या हसण्याची किळस आली. मी प्रसाद घेतला नाही. आजही घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यातल्या बाभळीच्या काट्या ओढ्यावर नेल्या, मुळं ओली असलेली रोपं म्हातारीबरोबर पुन्हा लावली आणि पुन्हा नांगर येऊ नये म्हणून आमच्या रानाच्या बाजूनं कुंपण घातलं.