डाव्या हाताची मोळी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पाथरी तालुक्यातल्या एका उसाच्या फडात प्रियदर्शनी घुगे मोळी बांधते आहे. पुढे वडील रामहरी ऊस तोडतात. मागे ती उसाच्याच वाढ्यांना, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांना, पीळ देऊन मोळी आवळते. शेजारच्या सुलाबाई हात थांबवून बघतात.

"ही मोळी हाय का सुटलेली वेणी? फॉरेनला हेच शिकिवलं का गं?"

"काकू, तिकडं ऊसच न्हाई."

"मग दोन वर्सं केलंस काय?"

प्रियदर्शनी पोलंडमध्ये चित्रपट दिग्दर्शन शिकते, आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्तीवर. घर चारठाण्याजवळच्या खेड्यात. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीवर येतात. त्यांच्यावरच तिने माहितीपट करायला घेतला आणि डिसेंबरात वडिलांना सांगितले, रोजचे काम मोबाइलवर काढून पाठवा.

रामहरींनी मोबाइल उसाच्या ढिगाला टेकवून काढले आणि पाठवले. तोडणारे ते, मागे मोळी बांधणारी, तोंडाला रुमाल गुंडाळलेली बाई. उसाचे वाळके पाचट चेहऱ्याला कापते म्हणून फडात सगळ्याच बाया तोंड बांधतात. ही आपली आई, छबूबाई, असे धरून प्रियदर्शनीने संकलन केले. वर्गात शिक्षक म्हणाले, हे हात म्हणजे तुझ्या फिल्मचा सर्वांत चांगला शॉट, थोडा लांबव. लांबवण्यासाठी तिने तो संथ करून पाहिला. पीळ डाव्या हाताने दिला जात होता.

आई उजव्या हाताने काम करते. घरात डावखुरी एकच, धाकटी अपेक्षा. ती चारठाण्यात मावशीकडे राहून बारावी करते, असे दर रविवारी फोनवर सांगितले जात होते.

प्रियदर्शनी लॅपटॉप तसाच टाकून वर्गाबाहेर धावली. शिक्षकांना वाटले, फाइल उडाली.

तिने वडिलांना फोन लावला. रामहरी म्हणाले, "तुझ्या आईचं पोटाचं आपरेशन झालं दिवाळीत. वझं उचलायचं न्हाई म्हणलं डाक्टर. कोयता म्हंजी तोडणारा आन् बांधणारी, दोघं. अर्धा कोयता कोन्ता मुकादम टोळीत ठिवतो?"

"मला सांगायचं न्हाई का, अण्णा?"

"सांगितलं असतं तर शिक्षण टाकून आली असतीस."

"मग व्हिडिओ कशाला पाठवला?"

"तू मागितला. तोंड तर बांधलं होतं तिचं."

विद्यापीठाने महिनाभराची रजा दिली. त्यापुढे राहिल्यास शिष्यवृत्ती थांबेल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रियदर्शनी थेट फडात आली आणि बहिणीच्या जागी उभी राहिली. छबूबाई फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, भाकरी टाकतात. अपेक्षा मावशीकडे गेली, तेव्हा तिने दिवाळीपासून पुस्तक उघडलेले नव्हते.

परवा तिने फोनवर विचारले, "ताई, नापास झाले तर परत फडात का?"

रामहरींनी फोन ओढून घेतला.

"आधी पेपराला तर बस, बाई."

तो शॉट फिल्ममध्ये ठेवायचा का, हे ठरलेले नाही. अपेक्षाला विचारले, ती म्हणाली, पेपर संपल्यावर बघू.

उद्या सकाळी अकरा वाजता तिचा बारावीचा पहिला पेपर आहे, इंग्रजीचा. घुग्यांचा कोयता नेहमीप्रमाणे सहाला फडात उतरेल.