राजाचं पदक आणि लाकडी बूट

हॉलंडमधल्या आल्डेसील गावच्या उचलत्या पुलावर विब्रन हूकेमा एकतीस वर्षं बसला होता, आणि त्यातली निदान अकरा वर्षं तो झोपेत असावा, असा गावचा बेकरीवाला डाउवे याचा अंदाज होता. विब्रनला तो मान्य नव्हता. "मी झोपत नाही," तो म्हणायचा. "मी कालव्याकडे जरा आतून बघतो."

आतून बघितलेला कालवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ सुंदर असे. त्यावर कायम सकाळचं धुकं असायचं, कुरणावरून टिटव्यांचा आवाज यायचा, गायी पाण्याच्या कडेला ढगांसारख्या उभ्या असायच्या, आणि त्या धुक्यातून एक छोटी राखाडी होडी यायची. होडीत रेनकोट घातलेला एक माणूस. टोपी डोळ्यांवर ओढलेली, त्यामुळे चेहरा कधी दिसायचा नाही. पण तो राजा आहे हे विब्रनला कळायचं. स्वप्नात अशा गोष्टी कळतातच. होडी पुलाखाली आली की विब्रन खिडकीतून मासेमारीची काठी बाहेर काढायचा आणि दोरीला बांधलेला लाकडी बूट हळूहळू खाली सोडायचा. पूल उघडायची नाणी त्या बुटात टाकायची, ही तिथली रीत. राजा खिसे चाचपायचा. डावा, उजवा, आतला. राजाच्या खिशात सुटे कुठून असणार? तो लाजायचा. मग विब्रन अतिशय सभ्यपणे म्हणायचा, "हरकत नाही, महाराज. मग थांबा. सगळे थांबतात तसे."

नेमका इथं कुठल्यातरी खऱ्या होडीचा भोंगा वाजायचा आणि राजा विरघळून जायचा. एकतीस वर्षांत विब्रननं त्याला एकदाही पुलाखालून जाऊ दिलं नव्हतं.

खऱ्या होड्यांशी तो इतका कडक नसे. नाणं नसलं तर सफरचंद चालायचं, चीजचा तुकडा चालायचा. एकदा एका जर्मन कुटुंबानं बुटात मांजरीचं पिल्लू ठेवून होडी जोरात दामटली होती. विब्रननं ते घरी आणलं आणि त्याचं नाव 'राष्ट्राध्यक्ष' ठेवलं. देशात नसला तरी निदान आपल्या घरात एक असावा, अशी त्याची भूमिका. "आहे ना," त्याची बायको नीन्के म्हणायची, "आणि त्यालाही कुणी निवडून दिलेलं नाही. दिवसभर उबेला बसतो आणि आयतं खातो. तुझा तो राजा तरी फिती कापतो."

विब्रन पक्का राजविरोधी होता. त्याच्या मते ज्या देशात स्केटिंग मंडळाचा खजिनदारसुद्धा हात वर करून निवडतात, त्या देशाचा सर्वांत वरचा माणूस पाळण्यातून थेट खुर्चीवर जावा, ही लाजिरवाणी गोष्ट होती. हे तो बेकरीत पाव घेताना सांगे, चर्चबाहेर सांगे, दंतवैद्याकडे तोंड उघडं असतानाही सांगायचा प्रयत्न करी. डाउवे याच्या अगदी उलट. राजाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात त्याच्या दुकानातली प्रत्येक पेस्ट्री नारिंगी व्हायची, राजघराण्याचा रंग म्हणून, आणि शेवटी डाउवेच्या भुवयासुद्धा.

"अरे, पण राष्ट्राध्यक्ष आणलास तर कोण होईल, विचार केलायस?" डाउवे काउंटरवरून वाकून विचारायचा. "टीव्हीवर केसांना जेल लावून ओरडतो, तो. त्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटावर चाटशील?"

"चाटेन. आणि चार वर्षांनी थुंकेन. तुझ्या राजाला थुंकता येतं का?"

"राजाला कशाला थुंकायचं? तो कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"अध्यात ना मध्यात, तर ठेवलाय कशाला?"

"शोभतो म्हणून! तुझ्या नाकाचा तरी दुसरा काय उपयोग आहे?"

असं वीसेक वर्षं चालू होतं. दर सव्वीस एप्रिलच्या संध्याकाळी डाउवे पुलावर नारिंगी पताकांची माळ बांधायचा, आणि सत्तावीसला, राजाच्या वाढदिवशी, पहिली होडी येताच विब्रन पूल उचलायचा. पूल मधोमध दुभंगून वर जायचा, माळ ताणली जायची आणि फट्कन तुटायची. एका वर्षी सकाळभर एकही होडी आली नाही. तेव्हा विब्रननं एका बदकासाठी पूल उचलला होता. बदक, म्हणतात, बराच वेळ मागे वळून बघत गेलं.

असा हा माणूस. पण त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर चित्र अर्धं राहील. हिवाळ्यात कालवे गोठले की पहाटे बर्फावर जाऊन, भोक पाडून, जाडी मोजून 'आज स्केटिंग करा' किंवा 'आज घरी बसा' अशी पाटी लावायचं काम गावात विब्रनचं होतं. सव्वीस हिवाळे, बिनपगारी. त्याच्या पाटीवर आयांनी पोरं बर्फावर सोडली आणि सगळी परत घरी आली. शिवाय पुलाखालच्या पाण्यातून त्यानं आजवर सात माणसं बाहेर काढली होती. त्यात डाउवे दोनदा, दोन्ही वेळा राजाच्या वाढदिवशी. आणि प्रत्येक वेळी, लोक फुलं-बिलं घेऊन येईपर्यंत विब्रन मागच्या दारानं पसार. आभार मानायला आलेल्यांना नीन्के कॉफी पाजायची आणि म्हणायची, "तो बाजारात गेलाय." तो कोंबड्यांच्या खुराड्यात बसलेला असायचा.

"आभार घ्यायला लाजतोस," ती एकदा त्याच्या कोटावरची पिसं काढत म्हणाली होती, "आणि वर त्याला तत्त्व म्हणतोस."

त्या वर्षी एप्रिलमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं. शहरातल्या कचेरीतून कॅमेऱ्यावर बघून सगळे पूल बटणानं उचलायचे, अशी कुणकुण बरीच वर्षं होतीच. पत्रात लिहिलं होतं: पुलावर माणूस का हवा याबद्दल आपलं म्हणणं ऐकण्यासाठी सव्वीस एप्रिलला सकाळी साडेदहाला सभागृहात यावं.

आता सव्वीस एप्रिल म्हणजे काय, हे हॉलंडमधल्या कोंबडीलाही ठाऊक असतं. राजाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गावोगावच्या साध्या माणसांना राजाच्या नावानं पदकं देतात, आणि ज्याला द्यायचं त्याला काहीतरी थाप मारून तिथं न्यायचं असतं. त्या दिवशी बायको 'स्वच्छ शर्ट घाल' म्हणाली की शहाण्या माणसानं ओळखावं. नीन्के तसंच म्हणाली. वर तिनं त्याचे बूटही पॉलिश केले. विब्रनला वाटलं, पुलाची काळजी हिलाही लागलीय. आपल्यासारख्या जगजाहीर राजविरोधकाला कुणी पदक देईल, ही शंका त्याला शिवलीसुद्धा नाही. स्वतःच्या मतांबद्दलचा अभिमान माणसाला असा अगदी निर्धास्त करून टाकतो.

तो निघाला तेव्हा खरोखरच धुकं होतं. कालव्याकाठची सायकलवाट पुढे दहा पावलांवर पुसली जात होती. एका खांद्यावर मासेमारीची काठी, तिला लोंबणारा लाकडी बूट (पुरावा म्हणून), खिशात तीन पानांचं भाषण आणि शेजारी गप्प नीन्के. आपण चालतोय की पुलावरच्या खुर्चीत बसून आतून बघतोय, हे त्याला धड कळेना.

सभागृह भरलेलं होतं. अख्खं स्केटिंग मंडळ. पाण्यातून काढलेल्या सातांपैकी गावात उरलेले सगळे. आणि डाउवे चक्क टायमध्ये. सगळे पुलासाठी आले! विब्रननं खिशातलं भाषण बाहेर काढलं. समोर नगराध्यक्षा फान स्लोतेनबाई गळ्यात अधिकाराची साखळी घालून उभ्या होत्या. त्या "हूकेमा, आज आपण इथं" एवढंच म्हणाल्या.

"थांबा बाई," विब्रन म्हणाला. "आधी माझं ऐका. नाहीतर मी विसरेन."

त्यानं काठी टेबलावर आडवी ठेवली, चष्मा लावला आणि वाचायला लागला.

"मंडळी, पूल बटणानं उचलता येईल. कदाचित माझ्यापेक्षा वेळेवर उचलता येईल. पुलावरचा माणूस फार काही करत नाही, हे मी कबूल करतो. तो बसतो. येणाऱ्याला हात हलवतो, जाणाऱ्याला हात हलवतो."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. पण नगरसेवक येतात-जातात, पक्ष बदलतात, आणि तो आपला तिथंच असतो. होडी लांबून येते, खिडकीत त्याचं डोकं दिसतं, आणि लोकांना वाटतं, चला, आपलं सगळं ठीक आहे."

आता मधल्या रांगाही खोकायला लागल्या. फान स्लोतेनबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

"माझ्या आधी त्या खुर्चीत माझे वडील होते. त्यांच्या आधी आजोबा. हे काम शिकवून येत नाही, ते रक्तातच..."

"राजा चिरायू होवो!" डाउवे खुर्चीवरून उठून गरजला.

सभागृहात हशा कोसळला. हसता हसता कुणाचा तरी कॉफीचा कप गेला. विब्रन कागदाकडे बघत राहिला. अक्षर त्याचंच होतं. त्यानं पुन्हा एकदा वरपासून वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत; आणि त्याचे कान हळूहळू डाउवेच्या पेस्ट्रीच्या रंगाचे झाले.

तेवढ्यात नगराध्यक्षांनी एक छोटी पेटी उघडली. "महामहिम राजांच्या मर्जीनं," त्या म्हणाल्या, आणि हसू एकदम थांबलं. नारिंगी फितीचं पदक. सव्वीस हिवाळे. सात माणसं. त्या सगळं वाचत होत्या. पुलाचं पत्र खोटं होतं, हे विब्रनला तेव्हा उमगलं.

त्या टाचणी घेऊन पुढे आल्या. विब्रन एक पाऊल मागे सरला.

"बाई, रागावू नका. मी हे छातीवर लावू शकत नाही. ज्याला मी निवडलं नाही, त्याच्याकडून..."

"मी निवडलंय," नीन्के म्हणाली.

ती उभी होती. हातात पत्रांचा जाडजूड गठ्ठा. तिनं इतक्या लोकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला दुधासाठी हाक मारावी तेवढ्याच आवाजात ती बोलली.

"राजाला तू माहीतसुद्धा नाहीस रे. ही पत्रं मी गोळा केली. दोन वर्षं. दारोदार जाऊन. बावन्न माणसांनी लिहून दिलंय. तुझी ती निवडणूक याहून वेगळी काय असते? एकतीस वर्षं मी तुझे आभार घरात कॉफी पाजून घेतलेत. एकदा तरी तू इथं उभा राहा आणि ऐक. नंतर घाल ते पदक कालव्यात, मी एक शब्द बोलणार नाही."

मागचं दार उघडं होतं, आणि विब्रननं त्याच्याकडे पाहिलं, हे सगळ्यांनी पाहिलं. त्या दारापलीकडे धुकं होतं. त्यात शिरलं की दहा पावलांत माणूस नाहीसा. पण तो हलला नाही. मग त्यानं टेबलावरची काठी उचलली, लांब धरली, आणि दोरीला बांधलेला लाकडी बूट हळूहळू खाली सोडत नगराध्यक्षांच्या हनुवटीपाशी आणून थांबवला.

"लावून घेणार नाही," तो म्हणाला. "पण एकतीस वर्षांत या बुटात कुणी टाकलेलं मी परत केलेलं नाही. मांजरसुद्धा."

फान स्लोतेनबाईंनी एकदा नीन्केकडे पाहिलं. नीन्केनं मान हलवली. मग त्यांनी पदक, फितीसकट, जपून बुटात ठेवलं. आतून टक् असा आवाज आला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. विब्रन काठी हातात धरून सगळं ऐकत राहिला. शेवटपर्यंत. दर थोड्या वेळानं तो दाराकडे बघे, पण नीन्केनं त्याच्या कोटाचं टोक घट्ट धरलं होतं.

"आणि पुलाचं काय?" निघताना त्यानं विचारलं.

"ते जूनमधल्या सभेत. निवडून आलेले नगरसेवक ठरवतील," नगराध्यक्षा म्हणाल्या.

"ठरवतील आणि माती करतील," विब्रन म्हणाला. पण त्याला बरं वाटलं. निदान तेवढं तरी रीतसर होणार होतं. जिना उतरताना तो वळला. "बाई, राग नको, पण तुम्हाला तरी कुणी निवडून दिलंय?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला राजानं नेमलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर नारिंगी माळ होतीच. विब्रन खिडकीत बसला होता. बूट दोरीला लटकत होता, पदक अजून आतच होतं. नीन्केनं काढू दिलं नव्हतं. धुकं, टिटव्या, ढगांसारख्या गायी. लांबून राखाडी होडी आली. रेनकोटवाल्यानं खिसे चाचपले. डावा, उजवा, आतला. मग त्यानं बुटात डोकावून पाहिलं आणि टोपी थोडी मागे सारली.

"यात आधीच काहीतरी आहे," तो म्हणाला. "माझंच दिसतंय."

विब्रननं विचार केला. भोंगा वाजला नाही. कुठूनही कुणी आलं नाही. त्यानं पूल उचलायच्या दांड्याकडे हात नेला. पूल मधोमध दुभंगला, माळ ताणली गेली आणि फट्कन तुटून पाण्यावर पसरली.

"जा," तो म्हणाला. "पण येताना निवडून या."